बारागाड्यांचा ढिला दोर

धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असा संपादकांचा निरोप आला. गमती पुष्कळ आहेत आणि एकदोन सांगतेही. पण लिहायला बसले की मन एकाच फोटोकडे ओढ घेतं, आणि त्यात गंमत काही नाही. तो फोटो मी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा मोठा करून पाहिला, तेव्हा भरदिवसा उठून मी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं. कुणी गिऱ्हाईक आत येऊन पाहील, अशी भीती वाटली मला.

धुळ्यात पाचव्या गल्लीत आमचा स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, त्यांच्यानंतर मी चालवते. बाईमाणूस फोटो काढायला आलं की सुरुवातीला लोक माझ्या मागे बघायचे, खरा फोटोग्राफर गाडीतून अजून उतरायचा आहे असं समजून. आता सवय झाली आहे. त्यांनाही आणि मलाही.

लोकांना वाटतं, फ्लॅश अंधारासाठी असतो. असतोच. पण आमच्यासारख्यांना तो हलणाऱ्या वस्तूंसाठी जास्त लागतो. नाचणारा माणूस, उडणारा गुलाल, जयंतीच्या मिरवणुकीतली लेझीम, यांतलं काही तुमच्यासाठी थांबत नाही. फ्लॅश मात्र डोळ्याची पापणी हलायच्या आत पेटून विझतो. तेवढ्यात जे त्याच्या उजेडात सापडलं, ते जागच्या जागी गोठतं. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना खरी वाटत नाही. फ्लॅशचा जोर जितका कमी करावा, तितका तो लवकर विझतो आणि वस्तू तितकी जास्त गोठते. नवी पोरं नेमकी उलटं करतात, जोर वाढवत बसतात.

आणि ज्या क्षणाचा फोटो निघतो, तो क्षण फोटोवालीला दिसत नाही. बटण दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे काळोख होतो. सगळ्यांना दिसतं ते मला दिसत नाही. मला ते नंतर दिसतं, त्यामुळे या धंद्यात धक्के सगळे मागाहून बसतात.

दोंडाईच्याच्या एका मिरचीच्या शेठना पाकिटावर छापायला फोटो हवा होता. लाल मिरच्या वरून पडताहेत आणि मागे शेठ हसताहेत, असा. बायांनी टोपल्यांनी मिरच्या उधळल्या, मी फ्लॅश अगदी बारीक करून फोटो काढले. ठसक्यानं सगळ्यांचे डोळे गळायला लागले. फोटो पाहिला तर एकेक मिरची देठासकट हवेत लटकलेली, एकही हललेली नाही. आणि मागे शेठ ऐन शिंकेत. नाक एका बाजूला, ओठ दुसऱ्या बाजूला, डोळे कुठे आहेत ते शोधावं लागत होतं. शेठ कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिले.

"ताई, हा मी आहे?"

"तुम्हीच आहात, शेठ."

"माझी बायको रोज हे बघते?"

मी म्हटलं, "नाही शेठ, हे कुणालाच दिसत नाही. फक्त फ्लॅशला दिसतं." त्यांना काही समाधान वाटलं नाही. आजही भेटले की तोंडावर रुमाल धरून बोलतात.

दुसरी गंमत वडिलांच्या वेळची. गाडी पळती दिसावी पण माणूस स्पष्ट यावा, असा फोटो काढायची एक रीत आहे. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं म्हणजे दिव्यांच्या रेघा ओढल्या जातात, आणि त्यातच एकदा फ्लॅश मारायचा म्हणजे माणूस गोठतो. आता फ्लॅश शटर उघडताच मारला, तर माणूस आधी गोठतो आणि रेघा त्याच्या पुढे जातात. मग तो मागे चालल्यासारखा दिसतो. म्हणून फ्लॅश शटर मिटताना मारायचा, म्हणजे रेघा मागे राहतात. वडिलांच्या त्या वेळच्या कॅमेऱ्यात ही सोय नव्हती. त्यांनी घोड्यावरच्या एका नवरदेवाचा असा फोटो काढला आणि नवरीच्या मामांनी तो बघून मांडवात ओरड केली की नवरदेव माघारी चालला. वडील ही गोष्ट सांगताना इतके हसायचे की त्यांना पाणी द्यावं लागायचं.

आता त्या फोटोची गोष्ट सांगते.

धरणगाव तालुक्यातलं एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथे मरीमातेच्या यात्रेला बारागाड्या ओढतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. बारा बैलगाड्या बैल न जुंपता एकीमागे एक बांधतात आणि त्यांत गावातली माणसं, लेकरंबाळं खच्चून बसतात. पुढे एकटा भगत. त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला लोखंडी आकडा, आकड्याला दोर आणि दोराला पहिली गाडी. देवीचा जयजयकार झाला की भगत त्या बाराच्या बारा गाड्या ओढत गावच्या रस्त्यानं पळतो. त्याच्या दोन्ही बगलांना दोघे जण धरून पळतात, त्यांना बगले म्हणतात. आमच्या खानदेशात बऱ्याच गावांत हे चालतं आणि लोक मोठ्या भक्तीनं बघतात.

यात्रा कमिटीचे प्रमुख पंडितनाना मला बोलवायला स्वतः धुळ्याला आले. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. नाना म्हणाले, "आमचे उखाआबा यंदा शेवटचे ओढणार. गुडघे गेले त्यांचे. पुढच्या वर्षी त्यांचा रवी ओढेल. तर आबांचा असा फोटो पाहिजे ताई, की गाड्या पळत्या दिसल्या पाहिजेत आणि आबा एकदम क्लिअर. चौकात मोठा बॅनर लावायचा आहे."

आमच्या घरात देवी नाही, बुद्धवंदना आहे. वडील असल्या कामाला जायचे, पण नमस्कार न करता यायचे. मीही तशीच गेले. दिवस मावळायच्या बेताला एक फ्लॅश पारावर ठेवला, दुसरा विजेच्या खांबाला बांधला आणि मी एका ओट्यावर उकिडवी बसले. तेवढ्यात गर्जना झाली आणि गाड्या निघाल्या.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. धुळीतून एक म्हातारा माणूस येतोय आणि त्याच्यामागे गाड्यांची रांगच्या रांग, चाकांचा खडखडाट, माणसांचा आरडाओरडा. आपण काय मानतो आणि काय नाही, ते त्या वेळी मला काही आठवलं नाही. फ्लॅश पुन्हा चार्ज होऊन भरत गेले तसे मी फोटो काढत गेले. कॅमेऱ्यामागच्या इवल्याशा पडद्यावर पाहिलं तर रेघा सुरेख आल्या होत्या. नानांना अंगठा दाखवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फोटो मोठे करून पाहिले.

पहिल्या फोटोत सगळं ठीक होतं. आबा वाकलेले, दोर ताठ. दुसऱ्यात दोर ढिला होता. तिसऱ्यातही ढिला. वाळत घातलेल्या धोतरासारखा मधोमध खाली लोंबत होता, जमिनीला टेकायचाच राहिला होता. मला आधी समजेचना. माणूस ओढतोय तर दोर ढिला कसा? मग मी आबांकडे पाहिलं. ते पुढे वाकलेले नव्हते, मागे रेललेले होते. बगल्यांनी त्यांना काखेत धरून उचललं होतं, दोन्ही पाय जमिनीपासून वर. पहिल्या गाडीचं जू त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर होतं. मागे गाड्यांच्या चाकांना, फळ्यांना जिकडेतिकडे हात लागलेले, तरणी पोरं जीव खाऊन ढकलताहेत. आणि आबांचा चेहरा. मी लग्नात, मयतीत, अपघातात सगळीकडे फोटो काढले आहेत, पण जिवंत माणसाच्या तोंडावर एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती.

तो माणूस गाड्या ओढत नव्हता. तो गाड्यांपुढे जीव घेऊन पळत होता.

तेव्हाच मी स्टुडिओचं शटर खाली ओढलं. बैलगाडीला ब्रेक नसतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. बारा गाड्या, त्यांत शेकड्यांनी माणसं, मागून ढकलणारं गाव, आणि पुढे गुडघे गेलेला म्हातारा. पाय अडखळला असता तर? आणि पुढच्या वर्षी त्याचा मुलगा. नानांचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही. प्रिंट काढल्या आणि नानांच्या आधी आबांच्या घरी गेले.

आबा ओट्यावर गुडघ्याला तेल लावत बसले होते. मी प्रिंट त्यांच्या हातात देणार, तोच आतून त्यांच्या घरच्या सुमनअक्का हात पुसत आल्या आणि त्यांनीच त्या घेतल्या. या घरची एक रीत मला तेव्हा कळली. भगताच्या बायकोनं बारागाड्या बघायच्या नसतात. गाड्या निघाल्या की तिनं दार लावून देवीपुढे बसायचं आणि नवरा परत आला की उघडायचं. लग्न होऊन आल्यापासून अक्कांनी नवऱ्याला गाड्या ओढताना एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या बघत राहिल्या. मग फोटो आबांपुढे धरून म्हणाल्या, "हाई काय शे? तुमनं तोंड असं कसं?"

आबांनी एकदा पाहिलं आणि फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. "दोर ढिला शे ना? माले माहित शे."

मी विचारलं, "आबा, दरवर्षी असंच होतं?"

"सुरुवातले वढस मी. चार पावलं. मंग पोऱ्या ढकलतस, गाड्या मांगून येतस, मी पुढे पयस. मना बापबी पयेच. त्यानी पट्टा दिधा तव्हय कानमा सांगं, दोर ढिला झाया का बठ्ठा भार बगलेस्वर टाक." सगळा भार बगल्यांवर टाकायचा, हे बापाकडून चालत आलेलं. मग म्हणाले, "कोनले सांगू? लोके पाया पडतस मना."

मला वाटलं होतं ते फोटो नाकारतील, चिडतील. त्यांनी तर सहज सांगून टाकलं. आयुष्यभर हा माणूस मरणापुढे पळत होता आणि गाव त्याच्या ताकदीचा जयजयकार करत होतं. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या.

रवी घरात होता. तीस-बत्तीसचा, जळगावला कंपनीत कामाला, घरी बायको आणि एक लहान मुलगी. वर्षभर त्यानं उपास धरले होते, चप्पल सोडली होती. त्यानं फोटो पाहिला आणि सरळ माझ्यावर आला.

"ताई, हा फोटो खोटा आहे. या रेघा खऱ्या आहेत का? गाडीला काय अशा रेघा असतात?"

"रेघा खऱ्या नाहीत," मी म्हटलं, "त्या शटरमुळे येतात."

"मग दोरही तसाच. तुमच्या फ्लॅशनी केलेला."

"नाही रवीभाऊ. जे फ्लॅशमध्ये आलं ते होतं तसं आलं. दोर, आबा, ते हात. एवढं तरी खरं धरा."

"अर्धं खोटं, अर्धं खरं, हे तुम्ही ठरवणार?" तो आबांकडे वळला. "आबा, सांगा यांना, तुम्ही वढतस ना?"

आबा गुडघ्याला तेल लावत राहिले. रवी उत्तराची वाट बघत उभा होता. शेवटी तो ताडताड निघून गेला. मी त्याच्या जागी असते तर मीही फोटोवालीलाच खोटं ठरवलं असतं.

नानांकडे गेले. त्यांनी फोटो पाहिला आणि तेही दचकले, ते मी पाहिलं. पण नाना राजकारणात मुरलेले. घसा साफ करून म्हणाले, "ताई, रेघा मस्त आल्या. दोर तेवढा सरळ करून द्या ना. नवरीच्या तोंडावरची पुटकुळी घालवता, तसा."

"नाना, माणूस मरेल एखाद्या वर्षी."

"देवी आहे ना."

मी दोर सरळ करून दिला नाही. पहिला फोटो दिला, दोर ताठ असलेला. पण माझ्या हातातल्या प्रिंटचा नानांनी मोबाइलवर कधी फोटो घेतला, मला कळलं नाही. पुढच्या वर्षीच्या यात्रेला मी गेले ते बोलावणं नसताना गेले. रवीचं काय होतं ते घरी बसून ऐकायचं, हे मला जमलं नसतं. चौकात बॅनर होता. तोच फोटो, माझ्या रेघा. दोर मात्र कुणीतरी सळईसारखा सरळ केलेला, आणि आबांच्या भेदरलेल्या तोंडाच्या जागी त्यांचं दुसरीकडचं हसरं तोंड चिकटवलेलं. पाय अजून हवेतच होते. मी तिथेच रस्त्यात उभी राहिले, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता तरी हलले नाही.

गाड्या भरल्या होत्या. पहिल्या गाडीत रवीची बायको लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तो मान, भगताच्या घरचा. रवी हळदीनं माखलेला, डोळे मिटून उभा. आबा पारावर बसले होते, त्यांची नजर एका जागी ठरत नव्हती. आता फक्त पट्टा बांधायचा राहिला होता. पट्टा घरून, देवीपुढून येतो.

पट्टा आला तो अक्कांच्या हातात.

लोक बाजूला झाले. जिनं या दिवशी दाराबाहेर पडायचं नाही, ती बाई भर रस्त्यातून चालत येत होती. वाजंत्री आपोआप थांबली. नाना पुढे धावले, "अक्का, हाई काय? तुम्ही आठे?" अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लेकाच्या कमरेला पट्टा बांधला, आकडा ओढून तपासला. मग गाड्यांच्या मागे जमलेल्या तरण्या पोरांकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "बठ्ठा हात काढा. कोनीच हात लावानं नही. देवीना भगत शे. तो एकला वढी."

मी मनात म्हटलं, शाबास अक्का. काय डोकं लावलंस.

पोरं नानांकडे बघायला लागली. नाना अक्कांकडे. देवीच्या नावानं सांगितलेल्याला नाही कोण म्हणणार? एकेक हात चाकांवरून खाली आला. गर्जना झाली, पण अर्धीच. रवीनं ओढलं.

दोर ताठ झाला. बस्स, तेवढंच झालं. रवी पुन्हा वाकला, मानेच्या शिरा फुगल्या, पाय मातीत घसरले. गाड्या तिथेच. तिसऱ्यांदा त्यानं असं ओढलं की बगले घाबरून त्याला सोडून उभे राहिले. पहिल्या गाडीचं चाक बोटभरही फिरलं नाही. एवढं गाव रस्त्यावर होतं आणि कुठेतरी एक शेळी ओरडत होती, ती ऐकू येत होती. माझा फ्लॅश भरून लाल दिवा लागून बसला होता. माझं बोट बटणावर होतं आणि मला ते दाबताच आलं नाही. तो फोटो माझ्याकडे नाही, याची हळहळ वाटते आणि बरंही वाटतं.

रवी सरळ झाला. घामानं हळद ओघळून छातीवर आली होती. तो वळला आणि गाडीतल्या आपल्या लेकीकडे, मागच्या सगळ्या गाड्यांकडे, त्यांत कोंबलेल्या माणसांकडे बघत राहिला. एवढं सगळं आपल्या पाठीवर येणार होतं, हे त्याला तेव्हा कळलं असावं. त्यानं आकडा काढला.

"उतरा," तो म्हणाला. "बठ्ठा उतरा."

कुणी लगेच हललं नाही. मग त्याची बायको लेकीला घेऊन खाली उतरली. मागून एक म्हातारी उतरली, आणि मग गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या. कुणी एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतं. आबा पारावरून उठून लंगडत आले आणि त्यांनी लेकाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. म्हातारा हुंदके देऊन रडत होता. मीही रडत होते.

अक्का होत्या तिथेच उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. या बाईचं किती कौतुक करू, असं मला झालं होतं. म्हटलं, "अक्का, लेकाला वाचवलंत तुम्ही. बरोबर ओळखलंत, गाड्या हलणार नाहीत म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"नही वं ताई," त्या म्हणाल्या. "माले वाटनं व्हतं, हालतीन."